डग्गा

विद्याधर सोसायटीच्या मीटिंगला गेला तसा
मी तो काळा खोका उचलून सोफ्यावर ठेवला,
खिडकीकडच्या टोकाला, माझ्या जागेवर,
जिथली गादी माझ्या मापाने दबलीय.
अठरा किलो. कंबर काय म्हणाली ते लिहीत नाही.

दिवाळीच्या आधी हा लॅमिंग्टन रोडवरून
चारकोपपर्यंत टॅक्सीत मांडीवर बसून आला.
सबवूफर. नाव आधी मला उसन्या घेतलेल्या कुत्र्यासारखं वाटलं.
विद्याधर तासभर रिसीव्हरच्या पाठीमागे डोकं घालून
लाल-पांढरी भोकं चाचपत होता,
मी टॉर्च धरून.
टीव्हीमागची धूळ त्याला नवीन होती,
माझी जुनी ओळख.
शेवटी एकच वायर निघाली,
जांभळ्या भोकातून थेट खोक्याच्या पोटात.

तर गुणगुण सुरू. बंद गाण्यातही चालू,
रुसलेल्या माणसासारखी.
खालच्या दळवींचा केदार आला टेस्टर घेऊन,
बोर्डाकडे बघून हसला.
"काकू, तिसरं भोक नुसतं शोभेला.
आत अर्थिंगच नाही."
मीटरपासून हिरवी वायर ओढली त्याने,
आणि बावीस वर्षांनी
आमचं घर जमिनीला लागलं.

मग वाटणी.
"ऐंशीच्या खालचे सूर ह्याचे,
वरचे त्या दोघांचे," विद्याधर बटण फिरवत म्हणाला,
तलाठ्याच्या आवाजात.
खोका टीव्हीशेजारी गेला
कारण टीव्हीशेजारी जागा होती.
आरामखुर्चीत बसून त्याने डोळे मिटले.
"व्वा! डग्गा बघ कसा घुमतोय."

मला चाट ऐकू आली.
कोरडी, स्वच्छ, स्टीलच्या वाटीवर नख वाजावं तशी.
डग्गा नाही.
मी म्हटलं, हो ना.

पन्नाशीनंतर कान उतरतात,
आमच्या बँकेतल्या वैजयंतीबाईंचे उतरले होते,
हळू बोललं की त्या नुसत्या हसायच्या.
मीही हसायला लागले.

आज माहितीपुस्तिका चाळताना, तेविसाव्या पानावर:
ऐकणाऱ्याच्या जागी खोका ठेवा.
खोलीभर रांगा.
सूर जिथं भरून येईल, ती खोक्याची जागा.

म्हणून रांगतेय.
गाऊन गुडघ्याखाली येतोय,
विलंबित तीनतालाचं एकच आवर्तन पुन्हा पुन्हा लावलंय.
शोकेसपाशी कुजबुज.
चपलांच्या स्टँडपाशी बरं, पण घोगरं.
टीव्हीशेजारी आले, फरशीला कान लावला,
चाट आली, चाट आली,
आणि खाली नुसता खड्डा.

तिथून इथं पोचत नाही
म्हणजे इथून तिथंही पोचत नव्हतं.

जराशी बसलेच मी, मांडी घालून, टीव्हीला पाठ टेकून.
कान शाबूत आहेत माझे.
ती जागाच पोकळ होती.
त्याच टोकाला बसून
किती जणांच्या बोलण्याला मान डोलावली असेल,
आणि त्यातलं खालचं खालचं
कुठल्या कुठे विरून गेलं असेल.

पुढे रांगले.
स्वयंपाकघराच्या दाराआड, तांदळाच्या डब्यापाशी,
आधी झाकण थरथरलं,
मग तळवे,
मग तो आला. गोल, ओला, मनगटाने दाबून सोडलेला,
छातीच्या फासळ्या मोजत.
मी गाल फरशीवर ठेवला.
समेवर डब्यातले तांदूळ किंचित खाली बसले.

दळवीवहिनींनी खालून लाटणं आपटलं छताला.
लयीत नव्हतं.

लॅचची किल्ली फिरली.
हातात मीटिंगची फाईल, दारात विद्याधर,
सोफ्यावर खोका, जमिनीवर बायको.
"काय हरवलं गं?"

"तांदळाचा डबा उचल आधी," मी म्हटलं,
"आणि ही वायर पुरायची नाही.
उद्या सहा मीटरची आण."